रुबेलाचा ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या लॅबमधून ‘टॉर्च’चा, म्हणजे पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या रुबेलासारख्या संसर्गांच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला की घरात सगळ्यांची नजर आधी ‘पॉझिटिव्ह’वर जाते. सासूबाई हबकतात, सून रडकुंडीला येते. खरं तर ‘रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह’ असं असेल तर पेढे वाटावेत. आयजीजी म्हणजे रुबेला पूर्वी होऊन गेल्यावर किंवा लस घेतल्यावर शरीरात टिकून राहिलेली, त्या रोगाशी लढणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज). आयजीएम हे दुसरं प्रतिपिंड ताज्या संसर्गात वाढतं. तेही कधी कधी खोटं पॉझिटिव्ह येतं, म्हणून एकाच रिपोर्टवर घाबरून निर्णय घ्यायचा नसतो.

काळजी घ्यायची ती आयजीजी निगेटिव्ह असलेल्या मुलीची.

मोठ्या माणसाला रुबेला फारसा छळत नाही. बारीक ताप, कानामागे गाठी, दोन-तीन दिवस पुरळ. अनेकांना तर काहीच जाणवत नाही. त्यामुळे ‘लहानपणी गोवर येऊन गेलाय हिला’ या आईच्या आठवणीवर विसंबता येत नाही. तो खरोखर गोवर असेल, तर त्याची प्रतिकारशक्ती रुबेलाला उपयोगाची नाही. पोटातल्या बाळाला मात्र हा विषाणू सोडत नाही. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या अनेक बाळांच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाला होता, हे १९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिलं. पहिल्या १२ आठवड्यांत संसर्ग झाला तर बाळाला इजा होण्याचा धोका ९० टक्क्यांपर्यंत जातो. डोळे, कान, हृदय यांवर घाला येतो.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. तेव्हा दहावी ओलांडलेल्या मुली तिच्यातून सुटल्या, आणि शिरोळपासून गगनबावड्यापर्यंत आज त्याच नांदायला गेल्यात. बऱ्याच जणींना नकळत रुबेला होऊन गेलाही असेल. ज्यांना झाला नाही, त्यांना तो आता उशिरा, ऐन बाळंतपणाच्या वयात गाठू शकतो, कारण लहान मुलांत विषाणू फिरायचा कमी झाला. ग्रीसमध्ये मुलांना लस दिली गेली, पण निम्म्याहून कमी जणांना. १९९३ च्या साथीत तिथे तरुण बायका सापडल्या.

म्हणून रक्त तपासायचं ते दिवस राहण्याआधी. आयजीजी नसेल तर लस घ्यायची आणि महिनाभर थांबायचं. लसीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो, त्यामुळे गरोदरपणी ती देत नाहीत. बाळंतपणानंतर देतात, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. चुकून दिवस गेलेले असताना लस घेतली गेली, तरी तेवढ्यासाठी गर्भपात करायची गरज नसते.