पांढऱ्या पेशी जास्त म्हणजे प्रतिकारशक्ती जास्त?

नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या लॅबमधून सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला की सोसायटीत कुणीतरी म्हणतंच, ‘पांढऱ्या पेशी चौदा हजार? वा, प्रतिकारशक्ती दणकट आहे!’ या समजाची मला खरंच काळजी वाटते, कारण त्यापायी डॉक्टरांकडे जाणं लांबतं.

मोठ्या माणसात ही संख्या साधारण ४,००० ते ११,००० प्रति मायक्रोलिटर असते. ती वाढली तर कारण बहुतेकदा संसर्ग किंवा दाह. पण पेशी किती पक्व आहेत, हे नुसत्या एकूण आकड्यातून कळत नाही.

अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात) न्यूट्रोफिल ही जंतूंशी लढणारी पांढरी पेशी घडताना जनुकं तीच राहतात, प्रथिनं मात्र टप्प्याटप्प्यानं बदलतात. प्रोमायलोसाइट या कच्च्या अवस्थेत जंतू मारायला मदत करणारं मायलोपेरॉक्सिडेज बनतं, मायलोसाइट या पुढच्या अवस्थेत लॅक्टोफेरिन, त्यानंतर जिलेटिनेज ही प्रथिनं. जे ज्या वेळी बनलं, ते पेशीतल्या त्याच वेळच्या कणांत, म्हणजे बारीक पिशव्यांत, भरलं जातं. दिवाळीत आधी चकल्यांचा डबा भरतो, मग करंज्यांचा, तसंच. मला यातली ही शिस्त फार विलक्षण वाटते.

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, पेशी पक्व होण्याची हीच वाट मध्ये तुटते. काही रुग्णांत संख्या लाखावर जाते, तरी पेशी कच्च्या असल्यानं साधा संसर्गही झेपत नाही. प्रोमायलोसाइटवरच अडकलेल्या एका प्रकारात तर ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेलं ट्रेटिनॉइन देऊन पेशींना पक्व व्हायला लावतात.

आकडा वाढलेला दिसला तर डॉक्टरांना डिफरन्शियल काउंट (कुठल्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती, हा हिशोब) दाखवा, गरज वाटल्यास ते स्मिअरही, म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तपासणीही, सांगतील.