आधाराची सायकल

तोल, पायांतली ताकद, हाताची पकड किंवा ताठ बसणे यांपैकी काही कमी पडणाऱ्या नवशिक्यासाठी निवडलेली वा बदल करून घेतलेली सायकल. नेमके काय कमी पडते ते आधी पाहावे. नुसता तोल अडत असेल, तर तीनचाकीची घाई करू नये.

अशा स्वारासाठी साध्या सायकलचे दोन्ही पॅडल काढतात आणि बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घेतात. बहुतेक पॅडलना १५ मिमीचा पाना लागतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटते, उलट फिरवले तर आणखी आवळते. पायांनी रेटत जाणारा स्वार काही मीटर पाय उचलून सरळ गेला आणि ब्रेक लावून थांबला, की पॅडल परत लावावेत. पहिले आटे हातानेच फिरवावेत. एकदम पाना लावला आणि आटे तिरके बसले, तर क्रँक, म्हणजे पॅडल ज्यात बसते तो दांडा, बाद होतो. सीट वर घेताना तिच्या दांड्यावरची किमान खोलीची खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे. मदतनिसाने स्वाराला पाठीमागून धरावे; हँडल धरले, तर तोल स्वार नव्हे, मदतनीसच सावरतो.

मागच्या चाकाशेजारची आधारचाके सायकल झुकू देत नाहीत, म्हणून तोल शिकवतही नाहीत. लावायचीच असतील, तर जमिनीपासून ५ ते १० मिमी वर ठेवावीत. दोन्ही टेकवून बसवली, तर खळगीत मागचे चाक अधांतरी राहते: पॅडल फिरतात, सायकल जागची हलत नाही आणि मागचा ब्रेकही निकामी होतो.

ताठ बसता येत नसेल किंवा थांबल्यावर पाय टेकवता येत नसतील, तर तीनचाकीच योग्य. उंच सीटची तीनचाकी वेगात वळली की बाहेरच्या बाजूला उलटू शकते. स्वाराने वेग आधीच कमी करून अंग वळणाच्या आत झुकवावे. बसता-उतरताना ती सरकू नये म्हणून अडकवून ठेवता येणारा ब्रेक हवाच.

एकच हात चालत असेल, तर दोन्ही ब्रेकच्या तारा त्या हाताच्या लिव्हरला जोडतात. गुडघा कमी वाकत असेल, तर आखूड क्रँक लावतात. निसटणाऱ्या पायासाठी टाचेला आधार असलेले पॅडल आणि पट्टा मिळतो. हा पट्टा फक्त तीनचाकीवर वापरावा. दुचाकीवर पाय बांधलेला स्वार थांबताच आडवा होतो.