संताचं पाणी आणि १८३ अंश

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ ला. मग दोन्ही एकत्र केली तर? 'मधे कुठंतरी, २८० च्या आसपास' असं उत्तर चटकन सुचतं, आणि ते साफ चूक आहे. खरं उत्तर ज्यांच्या रोजच्या कामात होतं, ते होते मध्ययुगीन इंग्लंडमधले, यात्रेकरूंसाठी बिल्ले ओतणारे कारागीर.

२९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरी कॅथीड्रलमध्येच आर्चबिशप थॉमस बेकेटची राजाच्या चार सरदारांनी हत्या केली. ११७३ मध्ये पोपने त्याला संत ठरवलं. आधी तळघरातली कबर आणि १२२० पासून वर ट्रिनिटी चॅपेलमधली सोन्यारत्नांनी मढवलेली समाधी, अशा दोन्ही ठिकाणी यात्रेकरूंची रीघ लागली. त्यांना तिथं पाणी मिळे. त्यात संताच्या रक्ताचा अंश आहे, अशी श्रद्धा. हे पाणी न्यायचं गळ्यात अडकवायच्या चिमुकल्या कुपीतून, आणि ती कुपी कथील-शिशाची. पुढं कुप्यांपेक्षा बिल्ल्यांची चलती झाली.

हेच दोन धातू का? स्वस्त म्हणून, हे आहेच. पण खरी गंमत अणूंच्या रचनेत आहे. शिसं गोठताना त्याचे अणू ठरावीक रांगांत बसतात. कथिलाचे अणू त्या रांगांत फारसे सामावत नाहीत; कथिलाच्या स्फटिकात शिशाची तर त्याहून अडचण. द्रवात मात्र दोघं मनसोक्त मिसळतात, कारण तिथं जागा ठरलेल्या नसतात. म्हणजे मिसळल्यामुळे द्रव अवस्थेचं पारडं जड होतं आणि गोठायला आणखी थंड व्हावं लागतं. शिशात कथील घाला, गोठणबिंदू उतरतो; कथिलात शिसं घाला, तरी उतरतो. आलेखावर या दोन उतरत्या रेषा जिथं भेटतात तो बिंदू युटेक्टिक: वजनाने सुमारे ६२ टक्के कथील, तापमान १८३ अंश. दोन्ही धातूंपेक्षा खाली!

त्या नेमक्या प्रमाणात आणखी एक गोष्ट घडते. इतर प्रमाणांत एका धातूचे स्फटिक आधी सुटतात आणि उरलेला द्रव काही अंश खाली जाईपर्यंत सगळा रस लापशीसारखा राहतो. युटेक्टिक मिश्रण मात्र एकाच तापमानाला अख्खं गोठतं, तोवर पातळच असतं. त्यामुळे ते साच्यातल्या बारीक रेघांतही शिरतं. साचे दगडात कोरलेले असत. तांबं ओतायचं तर हजार अंशांच्या वर जावं लागतं, इथं साधा लाकडाचा जाळ पुरे. बिल्ला गार झाला की काढायचा, पुढचा ओतायचा. सापडलेल्या बिल्ल्यांत कथील-शिशाची प्रमाणं वेगवेगळी दिसतात, काही या ६२ च्या बरीच जवळ. आलेख न काढता हे साधलं होतं.

पाण्याने बरं वाटल्याचे दाखले मठातल्या भिक्षूंनी शेकड्यांनी लिहून ठेवले. काही कुप्यांवर लॅटिन ओळ असे: सज्जन रुग्णांसाठी थॉमस हाच उत्तम वैद्य. त्यातला 'सज्जन' पाहा. बरा झाला तर संताची कृपा, नाही झाला तर रुग्णाच्याच पुण्यात खोट! असा दावा कधी खोटा ठरूच शकत नाही, आणि हे कलम आजच्या चमत्कारी औषधांच्या जाहिरातींतही सापडतं. त्यात कुपी शिशाची. तिच्यात मुरलेलं पाणी आज कोणी पिऊ नये.

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीने समाधी फोडली आणि सोनं खजिन्यात गेलं. स्वस्त बिल्ले मात्र टेम्सच्या चिखलात आजही सापडतात. त्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून धातू फारसा गंजत नाही.

रेडिओ दुरुस्तीतला डाख याच मिश्रणाचा. २००६ पासून युरोपने विजेच्या उपकरणांत शिशावर निर्बंध आणले, तेव्हा त्याची जागा कथील-चांदी-तांब्याच्या संमिश्राने घेतली. ते वितळायला २१७ अंशांच्या पुढं जावं लागतं.