खड्डा कोणत्या बांधकाम विभागाचा?

आमच्या गावाच्या फाट्यावर रस्त्याचा नूर बदलतो. फाट्यापर्यंत रुंद डांबर, मधोमध पांढरा पट्टा. गावाकडे वळलं की रस्ता अरुंद, साइडपट्टी खचलेली आणि ओढ्यावरच्या मोरीचा एक कठडा वाहून गेलेला. शाळेची पोरं सायकलवरून याच मोरीवरून जातात. त्या कठड्यासाठी आम्ही ‘कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग’ या नावानं अर्ज दिला. दीड महिन्यानं उत्तर आलं, ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’

जिल्ह्यात बांधकाम विभाग दोन असतात, आणि घोटाळा होतो तो इथेच. एक राज्य शासनाचा सार्वजनिक बांधकाम विभाग, म्हणजे आपला पीडब्ल्यूडी. दुसरा जिल्हा परिषदेचा. कार्यकारी अभियंता, उपअभियंता, शाखा अभियंता ही पदं दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो हुकूम कुणाचा चालतो यात. पीडब्ल्यूडीचा अभियंता अधीक्षक अभियंत्यामार्फत मंत्रालयाला बांधील असतो. जिल्हा परिषदेचा अभियंता मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखाली असतो, आणि कामं सदस्यांच्या बांधकाम समितीपुढे जातात.

रस्ता कुणाचा, हे त्याच्या दर्जावरून ठरतं. 1943 साली नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद झाली. तिथे राष्ट्रीय महामार्ग ते खेड्याचा रस्ता अशी प्रतवारी ठरली आणि आजची विभागणी त्याच चौकटीवर उभी आहे. महाराष्ट्रात साधारण असं चालतं: राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) पीडब्ल्यूडीकडे, इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेकडे. ‘जिल्हा मार्ग’ हे शब्द दोन्हीकडे असल्यानं माणूस फसतो. ‘प्रमुख’ की ‘इतर’, या एका शब्दावर अर्ज कुठल्या टेबलावर जायचा ते ठरतं.

खरी दरी पैशात आहे. प्रजिमाचं काम राज्याच्या अर्थसंकल्पात धरता येतं. इजिमा आणि ग्रामीण मार्गांचा मोठा भार जिल्हा नियोजन समितीच्या निधीवर असतो. या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. कार्यालयात ‘तीस चोपन्न’ आणि ‘पन्नास चोपन्न’ हे आकडे सतत कानावर पडतात. ती लेखाशीर्षं, म्हणजे सरकारी हिशेबातले खर्चाचे कप्पे, आहेत: 3054 मुख्यतः देखभाल-दुरुस्तीचं, 5054 भांडवली कामांचं. जिल्हा परिषदेकडच्या रस्त्यांचं जाळं मोठं आणि निधी तुटपुंजा, म्हणून एका रस्त्याचं एक-दोन किलोमीटर डांबरीकरण होतं आणि पुढचा तुकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो. याचा दोष एकट्या शाखा अभियंत्यावर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणूनच गावं दर्जोन्नतीच्या मागे लागतात. वाहतूक वाढली, मोठी गावं जोडली गेली की ग्रामीण मार्ग इजिमा होतो, इजिमा प्रजिमा होतो. शासनाचा निर्णय निघाला की रस्त्याचा क्रमांक बदलतो आणि प्रजिमा झाल्यावर धनीही बदलतो.

अपवाद आहेतच. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून झालेल्या रस्त्याची पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदारानंच करायची असते. तसं रस्त्याच्या तोंडाशी फलकावर लिहिलेलं असतं, ते जरूर वाचा. शेतात जाणाऱ्या पाणंदीचं प्रकरण मात्र तहसीलदारांकडे जातं.

क्रमांक माहीत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तरी 2005च्या कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवावा लागतो. साध्या तक्रारीला ही सोय नाही.

आम्ही दुसरा अर्ज जिल्हा परिषदेच्या उपविभागात दिला. वर इजिमा क्रमांक, मोरी कितव्या किलोमीटरला आहे ते आणि कठड्याचा फोटो. तिसऱ्या आठवड्यात शाखा अभियंता टेप घेऊन आले, तेव्हा टेपचं दुसरं टोक शाळेतल्याच एका पोरानं धरलं होतं.