मराठी विज्ञानकादंबरी आणि इंदूर

विज्ञानातील एखादा नियम किंवा शक्यता हाच जिच्या कथानकाचा कणा असतो, अशी दीर्घ कथा म्हणजे विज्ञानकादंबरी. कणा काढून घेतला की गोष्ट कोसळली पाहिजे, ही तिची साधी कसोटी. नेहमीची प्रेमकथा मंगळावर नेऊन ठेवली, तर ती मंगळावरची प्रेमकथाच राहते. या प्रकाराला मराठीत सरसकट ‘विज्ञानकथा’ म्हणतात, मग ती दहा पानांची असो वा दोनशे. त्याला कारणही आहे. मराठीतील बहुतेक विज्ञानकादंबरीकार आधी कथालेखक होते आणि मासिकाच्या पानांवर वाढले. इंदूरचा या प्रवाहाशी संबंध वरवर पाहता दूरचा वाटतो. मात्र या वाङ्मयप्रकाराच्या वाटचालीतील दोन महत्त्वाची माणसे एकाच वर्षी याच शहरात जन्मली. दुर्गा भागवत यांचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा आणि भास्कर रामचंद्र तथा भा. रा. भागवत यांचा ३१ मे १९१० चा. एकाच आडनावाच्या या दोघांपैकी एकाने मराठी मुलांना विज्ञानकादंबरीची चटक लावली, तर दुसऱ्या व्यक्तीने पुढे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून विज्ञानकथेची दखल घेतली.

त्या वेळचे इंदूर ही होळकर संस्थानाची राजधानी होती. भोवताली माळवा, बाजारात हिंदी आणि माळवी, घरात व दरबारी वर्तुळात मराठी, अशी इथली भाषिक वीण होती आणि रामबाग, नारायणबागेसारख्या जुन्या वस्त्यांत ती अजून पुरती उसवलेली नाही. १९१५ मध्ये महाराष्ट्र साहित्य सभेची स्थापना झाली. तिचा शारदोत्सव इंदूरच्या मराठी माणसाच्या वर्षाच्या हिशेबात गणपती-दिवाळीच्या रांगेत बसतो. मराठी साहित्य संमेलन या शहरात तीनदा भरले : १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे, १९३५ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष हे त्यांचे अध्यक्ष. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्याला आपली भाषा रोज थोडी जपावी लागते. विज्ञानकादंबरीच्या लेखकालाही, भाषेत अजून नसलेल्या वस्तूंना नावे द्यायची असल्याने, थोडे तसेच करावे लागते.

साहित्य सभा स्थापन झाली त्याच १९१५ साली श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा प्रसिद्ध झाली. मराठीतील आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांत तिची गणना होते. त्याआधी, शतकाच्या सुरुवातीला, ‘केरळ कोकिळ’ मासिकाने फ्रेंच कादंबरीकार झ्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचा अनुवाद क्रमशः छापला होता. म्हणजे मराठी विज्ञानकथेच्या पहिल्या बैठकीतच व्हर्न येऊन बसला होता. त्याला मराठी घरातला पाहुणा करण्याचे काम मात्र भा. रा. भागवतांचे.

भागवतांनी काही काळ आकाशवाणीत नोकरी केली, पत्रकारिता केली आणि १९५१ मध्ये ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक काढले. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यिक होत्या. मराठी वाचकांत भागवतांचे नाव निघाले की पाठोपाठ फास्टर फेणे येतो : फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात शिकणारा, सायकलवरून सुसाट सुटणारा आणि तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा. या मालिकेवर १९८७ मध्ये दूरदर्शन मालिका आणि २०१७ मध्ये चित्रपट निघाला. चित्रपटात खुद्द भागवत हेही एक पात्र आहे आणि ते दिलीप प्रभावळकरांनी केले आहे. फेणेच्या या लोकप्रियतेने भागवतांच्या विज्ञानकादंबऱ्या मात्र झाकोळल्या. हा अन्याय आहे, कारण भाषेच्या दृष्टीने त्यांचे धाडसी काम तिथेच आहे.

व्हर्नच्या कादंबऱ्यांना त्यांनी दिलेली नावेच पाहावीत. १८६५ च्या चांद्रप्रवासाला त्यांनी नाव दिले ‘चंद्रावर स्वारी’. मूळ फ्रेंच शीर्षकात पृथ्वी, चंद्र आणि वाटेला लागणारा वेळ आहे, स्वारी नाही. स्वारी हा घोडदळाचा आणि बखरीचा शब्द. माळव्यावर मराठ्यांच्या स्वाऱ्या झाल्या म्हणून तर होळकर माळव्यात आले आणि म्हणून भागवत इंदुरात जन्मले. तोफेच्या गोळ्यात बसून आकाशात निघालेल्या माणसांना हा शब्द नेमका बसतो. १८६४ च्या भूगर्भप्रवासाचे मराठी नाव ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’. इथे पुराणातले पाताळ आणि भूगर्भशास्त्रातले पाताळ एकाच शब्दात राहतात आणि शाळकरी वाचकाला दोन्ही ओळखीची असतात. पाणबुडीच्या कादंबरीचे ‘समुद्रसैतान’ झाले.

त्यांतले सर्वांत चांगले नाव ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. मूळ कादंबरी १८७७ ची. त्यात एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जाताना पृथ्वीचा तुकडा, त्यावरच्या माणसांसकट, घेऊन जातो. भागवतांनी ‘धूमकेतू’ हा ग्रंथातला आणि अपशकुनाच्या वासाचा शब्द टाळला आणि बोलीतला शेंडेनक्षत्र घेतला. हिंदीत त्याच ज्योतीला पुच्छल तारा म्हणतात. हिंदीला जिथे शेपूट दिसते, तिथे मराठीला शेंडी दिसते. ज्या इंदुरी मुलाच्या कानावर दोन्ही शब्द पडतात, त्याला ही गंमत समजावून सांगावी लागत नाही. त्यातही आधी ‘मुक्काम’. पत्रावर मु. पो. लिहितात तसे हे शीर्षक वाचता येते : माणसे कुठे आहेत, तर मुक्काम शेंडेनक्षत्र. विश्वात भरकटलेल्या लोकांना लेखकाने टपालाचा पत्ता देऊन टाकला. भाषांतर आणि रूपांतर यांतला फरक विद्यार्थ्याला शिकवायचा असेल, तर या दोन शब्दांवर तास पुरा होतो.

‘उडती छबकडी’ ही त्यांची विज्ञानकादंबरीही अशीच नावापासून सुरू होते. उडती तबकडी हा परग्रहवासीयांच्या यानासाठी मराठीत रुळलेला शब्द. भागवतांनी त्यातले एक अक्षर उडवून दुसरे बसवले आणि भीतीच्या जागी लाडिकपणा आणला. विज्ञानकथा गंभीर चेहऱ्यानेच सांगितली पाहिजे, असा समज नंतरच्या काळात बळावला. भागवतांनी तो पाळला नाही. २७ ऑक्टोबर २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रौढ वाचकांपर्यंत हा प्रकार पोहोचला तो १९७४ नंतर. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथेची स्पर्धा घेत असे. १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव बनावट होते. खऱ्या लेखकाची आद्याक्षरे त्यात उलटी लावली होती : ज, वि, ना यांचे ना, वि, ज. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून जयंत विष्णू नारळीकरांनी कथा पत्नीकडून लिहून घेऊन पाठवली होती. केंब्रिजमध्ये शिकलेल्या, पद्मभूषण मिळालेल्या खगोलशास्त्रज्ञाने निव्वळ कथेच्या गुणावर बक्षीस मिळते का हे पाहिले, यात खेळकरपणा आहे तसा कसोटीला उतरण्याचा आग्रहही आहे. १९७५ च्या कराड संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या लेखनाची दखल घेतली. लोककथा आणि मिथके यांच्या अभ्यासात आयुष्य घातलेल्या दुर्गाबाईंना आकाशातल्या विवराची गोष्ट आपली वाटावी, यात आश्चर्य नाही. माणसाला न दिसणाऱ्या ठिकाणी जाऊन परत येण्याची कथा त्यांना जुन्या वाङ्मयातही भेटली होतीच. पुढे मुकुंदराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’ मासिकासाठी नारळीकरांकडून कथा मागवल्या आणि विज्ञानकथा दिवाळी अंकात हक्काने बसू लागली.

नारळीकरही महाराष्ट्राबाहेर वाढलेले. १९ जुलै १९३८ ला कोल्हापुरात जन्म, पण बालपण आणि शिक्षण बनारसला, जिथे वडील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहीत. नारळीकरांच्या कादंबऱ्यांपैकी ‘प्रेषित’ परग्रहावरील बुद्धिमान जीवांशी संपर्काभोवती फिरते, ‘वामन परत न आला’ मध्ये जमिनीखाली सापडलेल्या पुरातन ठेव्यातील ज्ञानातून जन्मलेले यंत्र माणसाला भारी पडू पाहते आणि ‘व्हायरस’ संगणकांच्या आजाराची गोष्ट सांगते. ‘अभयारण्य’ ही आणखी एक. त्यांची वाक्ये छोटी आणि सरळ आहेत, पात्रे बहुधा सभागृहातल्यासारखी बोलतात आणि स्वभावचित्रण हा त्यांचा प्रांत नाही. कल्पनेची मांडणी मात्र निर्दोष असते. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

अरुण साधू, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ही त्यांच्या पिढीच्या आसपासची नावे. साधूंचा पिंड राजकीय कादंबरीकाराचा, म्हणून त्यांच्या ‘स्फोट’ आणि ‘विप्लवा’ या विज्ञानकादंबऱ्या वेगळ्या वजनाच्या. विज्ञानकादंबरीवर पोट भरणारा लेखक मराठीत दाखवणे कठीण. कोणी प्रयोगशाळेत, कोणी संपादकाच्या खुर्चीत, कोणी बँकेत, आणि दिवाळी अंकाची तारीख जवळ आली की रात्री लिहायला बसणारा, असाच हा धंदा चालत आला. त्यामुळे कथा पुष्कळ आणि कादंबऱ्या मोजक्या.

इंदुरात आज विज्ञान हा लांबचा विषय नाही. मराठी वस्ती दाट असलेल्या राजेंद्र नगरच्या पलीकडे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. त्याची पायाभरणी १९८४ ची. तिथल्या इंडस-२ यंत्राच्या सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळताना प्रकाश फेकतात. शहरातला माणूस या सगळ्या परिसराला, केंद्राच्या जुन्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून, नुसते ‘कॅट’ म्हणतो आणि टेंपोवाल्यालाही तेवढेच सांगतो.

इंदूरच्या वाचकाला सर्वांत जवळची पडते ती नारळीकरांची कादंबरी नव्हे, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातात सापडतात आणि दुसऱ्याच हिंदुस्थानात पोहोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे जिंकले आहेत. मुंबईच्या टाउन हॉलमधील ग्रंथालयात ते स्वतःच लिहिलेला इतिहास उघडतात आणि लढाईचा उलटा निकाल वाचून चक्रावतात. आझाद मैदानावरच्या सभेत रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीवर जाऊन बसतात आणि श्रोत्यांचा मार खातात. परतल्यावर त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान सापडते. आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. त्या पानात ती कानाजवळून निघून जाते, तीळभर अंतराने. त्या तीळभर अंतराचा उलगडा कथेत पुंजभौतिकीच्या (क्वांटम भौतिकीच्या) आधारे केला आहे.

पुण्यात ही कथा विश्वासराव आणि भाऊसाहेबांची म्हणून वाचली जाते. इंदुरात वाचणाऱ्याच्या मनात आणखी एक घोडा उभा असतो, मल्हारराव होळकरांचा. लढाईचा रंग पालटल्यावर मल्हारराव आपली फौज घेऊन रणातून निघाले, आणि त्यांनी तसे का केले यावर माळव्यात अडीचशे वर्षे वाद चालू आहे. कोणी त्याला शहाणपण म्हणते, कोणी दुसरे काही. गोळी चुकली असती, तर मल्हाररावांना निघावेच लागले नसते आणि हा वादही उरला नसता. गंगाधरपंतांच्या खिशातल्या पानावर फक्त विश्वासरावांच्या कानाजवळची ओळ आहे. होळकरांच्या फौजेचे पान टाउन हॉलमध्येच राहिले असावे, असे इथले काही जुने वाचक हसत सांगतात.