टाच दुखते म्हणून आलात? आधी सांगा, घरात पायात काय असतं

(इनसोल, म्हणजे चपलेच्या किंवा बुटाच्या आत तळव्याखाली बसणारा थर, किंवा चप्पल करायला टाकण्याआधी हा कागद एकदा वाचावा. मागच्या बाजूच्या चौकटी भरायच्या आहेत, त्याचं कारण आत दिलं आहे.)

दुकानात रोज कुणी ना कुणी एक्स-रेचं पाकीट काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "टाचेचं हाड वाढलंय, त्यावर काहीतरी करून द्या." आणि दर आठवड्याला कुणीतरी महिन्यापूर्वी नेलेलं इनसोल परत आणतं, "काही फरक नाही पडला हो." या दोन वाक्यांना उत्तरं देण्यात आमचा अर्धा दिवस जातो. मशीनवर बसायचं सोडून बोलत बसावं लागतं. म्हणून हे छापून घेतलं.

हाड वाढल्याबद्दल

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोच ताणून धरतो. टाचेला तो जिथे चिकटलेला असतो तिथे रोजच्या ताणाने दुखावतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'प्लांटर फॅसिआयटिस' लिहिलेलं असतं ते हेच. ओळखायला सोपं आहे. रात्रभर पाय सैल पडून पट्टा आणि पोटरी आखडते, आणि सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. दहा-वीस पावलं चाललं की मोकळं वाटतं. दुपारी बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. चाळिशी-पन्नाशीतले लोक, उभ्याचं काम करणारे, अलीकडे वजन वाढलेले, पोटऱ्या आखडलेले, अशांना हे जास्त होतं.

एक्स-रेत दिसणारं वाढलेल्या हाडाचं टोक असतं खरं, पण बहुतेक वेळा दुखणं त्याचं नसतं. अजिबात न दुखणाऱ्या टाचांतही अशी टोकं सर्रास सापडतात. फक्त त्यांचा एक्स-रे कुणी काढत नाही. आणि टाच बरी झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढलात, तर टोक तिथेच दिसेल. म्हणून "हाडाच्या जागी खड्डा करून द्या" म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो. पूर्वी देत होतो. खड्ड्याची कड आठ दिवसांनी टोचायला लागते आणि कमान तशीच लोंबकळत राहते. आम्ही टाचेला चहूबाजूंनी धरणारी वाटी करतो आणि कमानीखाली भर देतो. टाचेखालची नैसर्गिक गादी पसरायला नको आणि पट्ट्यावरचा ताण कमी व्हायला हवा, एवढंच इनसोलचं काम आहे. इनसोल म्हणजे औषध नाही.

एकच चूक, पण आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी

मागे एक शिक्षिका यायच्या. दोन्ही टाचा सहा महिने दुखत होत्या. फोमच्या खोक्यात पायाचे ठसे घेतले, इनसोल करून दिलं. तीन आठवड्यांनी आल्या, फरक नाही. कमान दोन मिलिमीटर चढवून दिली. पुन्हा आल्या, फरक नाही. घासून उतरवली. तिसऱ्या खेपेला त्यांनी पिशवीतून इनसोल काढून काउंटरवर ठेवलं आणि ते उजेडात धरल्यावर माझी ट्यूब पेटली. वापरलेल्या इनसोलच्या कापडावर महिन्याभरात टाचेचा गोल काळपट डाग पडतो, अंगठ्याखाली चकाकी येते, बोटांचे पाच ठसे मोजता येतात. यांचं कापड दुकानातून नेलं तसंच कोरं होतं. विचारलं, "बाई, चप्पल किती वेळ पायात असते?" म्हणाल्या, "दिवसभर असते की." बरोबर आलेली मुलगी हसली. "आई, शाळेत तू वर्गाबाहेरच काढतेस ना?"

वर्गात शहाबादी फरशी. त्यावर पाच तास अनवाणी उभ्या. घरी आल्यावर चप्पल दाराबाहेर, आणि ओट्यासमोर पुन्हा दोन-तीन तास अनवाणी. म्हणजे आमचं इनसोल त्यांच्या पायाखाली असायचं ते फक्त घर ते शाळा, जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. दोनदा फुकट घासून दिलेलं काम वाया गेलं, आणि चूक अर्धी आमचीच, कारण हा प्रश्न आम्ही पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. आता माप घेण्याआधी तोच विचारतो.

आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. बाहेरची घाण आत कशाला आणायची? पण जुन्या घरांत जमीन शेणाने सारवलेली असायची, थोडी तरी दबायची. आता सगळीकडे टाइल्स. त्यांवर टाच पडली की सगळा मार टाचच खाते. बाहेर चालताना तुमच्या पायात काहीतरी असतंच. दुखणं वाढतं ते घरात, आणि घरातल्या बाईचं तर सगळ्यात जास्त, कारण तिचे उभ्याचे तास सगळे आतच असतात.

यावर आम्ही सांगतो ते असं. घरासाठी वेगळी जोडी ठेवा, जी उंबऱ्याबाहेर कधी जाणार नाही. चामडं घरात चालत नसेल तर ईव्हीएची, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लॅस्टिकची, करून घ्या. तिच्यात चामडं नाही की शिवण नाही, नळाखाली धुता येते. सासूबाईंना स्वयंपाकघरात तीही नको असेल तर वाद घालू नका. ओट्यासमोर जाड मॅट टाका, नाहीतर सतरंजीच्या चार घड्या. देवासमोर पाच मिनिटं अनवाणी उभं राहिल्याने टाच बिघडत नाही. बिघडते ती पोळ्या होईपर्यंतच्या दीड तासाने.

इथे ग्राहक आमच्याकडे एका विशिष्ट नजरेने बघतात. दुसरी जोडी खपवायला बघतोय, असं. तर ऐका. आम्ही घरातली जोडी करतो, ती चांगली असते, आणि ती विकली गेली तर आम्हाला आनंदच आहे. पण आमच्याकडूनच घ्या असं नाही. बाजारातली कुठलीही आणा, फक्त दोन्ही हातांनी धरून टॉवेल पिळतो तशी पिळून बघा. पिळली गेली तर ठेवून द्या. चवड्यापाशी वाकायला हवी, मधोमध वाकता कामा नये. ती कापसासारखी मऊ स्लीपर पायात घालताना छान वाटते, पण पंधरा दिवसांत टाचेखाली दबून कागद होते. चांगली जोडी आणलीत तर तिच्यात आम्ही भर चिकटवून देतो, त्याचे पैसे निम्म्याहून कमी लागतात.

घरी करायचं, फुकटचं

हे आम्ही कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न हमखास येतो, "मग इनसोल कशाला?" दोन्ही लागतं, म्हणून.

सकाळी पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हाताने बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर ठेवा, पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. १० आकडे मोजा, सोडा. असं १० वेळा. मग उभे राहा. दिवसातून आणखी दोनदा. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे न्या, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, अर्धा मिनिट थांबा, तीनदा करा. लोक टाच उचलतात आणि ताण पोटरीला बसतच नाही. संध्याकाळी ठणका असेल तर प्लॅस्टिकची बाटली पाणी भरून बर्फ करा आणि तिच्यावर पाच मिनिटं तळवा फिरवा.

गरम वीट आणि रुईच्या पानांचा शेक आमच्याही घरी होता. आजी घ्यायची. बरं वाटतं, नाकारत नाही. पण मधुमेह असेल, पाय बधिर असतील तर वीटही नको आणि बर्फही नको. भाजलेलं कळतच नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसतो आणि मग महिनोन्महिने जखम.

इंजेक्शनबद्दल विचाराल तर तो डॉक्टरांचा प्रश्न आहे. त्याने काही आठवडे बरं वाटतं हे खरं. पण दुखायचं थांबलं म्हणून लगेच पुन्हा फरशीवर अनवाणी फिरू नका. आणि धीर धरा. बहुतेकांची टाच ऑपरेशनशिवाय बरी होते, पण तिला महिने लागतात. सहा आठवड्यांत सकाळची पहिली पावलं निम्म्याने सुसह्य झाली तर गाडी बरोबर चालली आहे असं समजा. पंधरा दिवसांत फोन करून रागावू नका.

टाच सोडून बाकीचं

चवड्याखाली दुखत असेल, खडा बुटात गेल्यासारखं वाटत असेल, तर आधी बुटाचं टोक बघा. कागदावर पाय ठेवून पेन्सिलने रेषा मारा आणि त्यावर बूट ठेवा. बूट रेषेच्या आत बसला तर उत्तर मिळालं. अंगठा वाकडा होऊन बाजूचं हाड वर आलं असेल तर आम्ही रुंद चप्पल देऊ, पण अंगठा सरळ करून देऊ शकत नाही. 'रात्री बांधा, सरळ होईल' असे पट्टे कुणी विकत असेल तर विकू दे.

कुरूप म्हणजे दाबाची खूण. दाब काढला नाही तर कापून पुन्हा येतं. त्यावर बिब्बा लावून आलेले लोक आम्ही बघितले आहेत, कुरपाच्या दुप्पट जागा भाजलेली असते. औषधी पट्टीतही आम्लच असतं, मधुमेहींनी ती लावूच नये.

लहान मुलांच्या सपाट पायासाठी पालक घाबरून येतात. सहा-सात वर्षांपर्यंत पाय सपाट दिसणं नेहमीचंच आहे. मुलाला चवड्यांवर उभं करा. कमान उठून दिसली आणि पाय दुखत नसेल, तर घरी जा, खेळू द्या. आम्ही अशांना काही विकत नाही. दुखत असेल किंवा कमान उठत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

वारीला जाणाऱ्यांसाठी एकच सांगणं. प्रस्थानाच्या आदल्या आठवड्यात नवी चप्पल न्यायला येऊ नका. आळंदी ते पंढरपूर कोरी चप्पल घालून चालणं म्हणजे दुसऱ्या मुक्कामाला फोड आणि पुढची सगळी वाट अनवाणी. वैशाखात या, महिनाभर घालून मुरवा.

इथे आमचं काम नाही, डॉक्टरांकडे जा

अंगठ्याचं मूळ एका रात्रीत लाल होऊन सुजलं, चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर युरिक ॲसिड तपासा. पंचविशी-तिशीतल्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की सुटते, पाय गार पडतात, त्यात तंबाखू किंवा विडी, तर रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. मुरगळल्यावर पायावर भारच देता येत नसेल तर आधी एक्स-रे.

मधुमेह असेल आणि तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच या. त्यांच्यासाठी आम्ही एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल करतो, आत खिळा एकही नाही. ही रीत आमच्या डोक्यातली नाही. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांवर काम केलं, मऊ रबराच्या चपला त्या कामातून पुढे आल्या, आणि मधुमेहाच्या पायांनाही त्याच लागू पडल्या. चप्पल घालण्याआधी रोज आत हात फिरवा. एका काकांच्या बुटात नातवाची गोटी दिवसभर होती. संध्याकाळी मोजा रक्ताने भिजला तेव्हा कळलं.

येताना

माप दुपारी चारनंतर घेतो. सकाळी पाय लहान असतो, दिवसभरात फुगतो, आणि सकाळच्या मापाची चप्पल संध्याकाळी चावते. दोन्ही पाय मोजतो, तेही उभं करून. डावा-उजवा सारखा असलेला ग्राहक क्वचितच सापडतो. "माझा नंबर सातच आहे, मोजू नका" म्हणणाऱ्यांचाही मोजतो. एका नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो, अंदाजाने चालत नाही.

इनसोल मिळाल्यावर पहिल्या दिवशी दोन तास घाला, मग रोज तासभर वाढवा. पहिला आठवडा कमान परकी वाटते, ते ठीक. टोचत असेल तर लगेच आणा.

पहिले तीन महिने घासून, चढवून, उतरवून देण्याचे पैसे घेत नाही. अट एकच, मागच्या चौकटी भरून आणायच्या: तारीख, चप्पल पायात किती तास, अनवाणी उभे किती तास. खोटं लिहिलंत तर इनसोलचं कापड सांगतंच.

सोबत जुनी, रोजची चप्पल आणा. नवी घेऊन येऊ नका, आणि जुनी धुऊन, पॉलिश करून तर मुळीच आणू नका. टाच बाहेरून झिजली की आतून, हे बघायचं असतं. मंगळवारी शिलाईचं काम असतं, त्या दिवशी माप घेत नाही.