संभाव्यतेची चकवणारी कोडी

संभाव्यतेची चकवणारी कोडी : गणित सोपे, पण उत्तर मनाला पटत नाही, अशा कोड्यांचा वर्ग. ती सोडवायला दहावीच्या बीजगणितातल्या ‘संभाव्यता’ प्रकरणापलीकडचे फारसे काही लागत नाही. तरीही भलेभले फसतात. बहुतेक वेळा चूक आकडेमोडीत नसून नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्य निकालांची यादी, मांडण्यात असते.

ठाणे स्थानकातून ट्रान्सहार्बर मार्गावर वाशीच्या आणि पनवेलच्या गाड्या सुटतात. तुर्भ्यापर्यंत रूळ एकच. खरे वेळापत्रक बाजूला ठेवून समजू, की दोन्ही गाड्या दर 20 मिनिटांनी सुटतात. तुर्भ्याला जाणारा प्रवासी घड्याळ न पाहता फलाटावर येतो आणि आधी सुटेल ती गाडी पकडतो. निम्म्या वेळा वाशी, निम्म्या वेळा पनवेल मिळावी, असे कोणालाही वाटेल. पण पनवेल गाडीनंतर 4 मिनिटांनी वाशी गाडी सुटत असेल, तर त्या 4 मिनिटांत येणाऱ्यालाच वाशी मिळते. उरलेल्या 16 मिनिटांत येणाऱ्याला पनवेल. म्हणजे पाचपैकी चार वेळा पनवेल. ‘वाशी गाड्या कमी केल्यात वाटतं,’ असे तो डब्यात बोलूनही दाखवेल. गाड्या सारख्याच आहेत, मधली अंतरे सारखी नाहीत.

वाढदिवसाचे कोडे जास्त परिचित. 23 जणांत कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता 50.7 टक्के असते. ऐरोलीतल्या एखाद्या शाळेच्या 60 मुलांच्या वर्गात ती 99 टक्क्यांच्या वर जाते. आपण नकळत ‘माझ्या तारखेला आणखी कोण?’ असे मोजतो. त्याचे उत्तर त्याच वर्गात जेमतेम 15 टक्के येते. पण 60 मुलांत जोड्या 1,770 होतात, आणि प्रश्न त्या सगळ्यांचा आहे. हे गणित सर्व 365 तारखा सारख्याच धरते. तारखा एखाद्या दिवशी गोळा झाल्या, तर जुळण्याची शक्यता वाढतेच. गुरुजींनी दाखल्यावर 1 जून लिहिलेल्या पिढीसाठी तर हे कोडे मांडण्यातच अर्थ नाही.

सर्वांत जास्त वाद झाला तो तीन दारांच्या कोड्यावर. त्याचे मूळ फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्रांड यांच्या 1889 मधील पेट्यांच्या कोड्याशी जुळते. आजचे रूप अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विन यांनी 1975 मध्ये मांडले. 1990 मध्ये अमेरिकन स्तंभलेखिका मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात त्याचे बरोबर उत्तर दिले, तेव्हा त्यांना चूक ठरवणारी हजारो पत्रे आली; लिहिणाऱ्यांत गणिताचे प्राध्यापकही होते.

हेच कोडे दारांऐवजी खोक्यांनी मांडायला सोसायटीच्या गणेशोत्सवातला ‘खेळ पैठणीचा’ घ्या. तीन खोक्यांपैकी एकात पैठणी. वहिनी एक खोके निवडतात. पैठणी कुठे आहे हे माहीत असलेला निवेदक उरलेल्यांपैकी एक रिकामे खोके उघडतो आणि विचारतो, ‘बदलायचंय का?’ दोन खोकी उरली, म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता, हे उत्तर चूक. पहिली निवड तीनदा केली तर सरासरी दोनदा चुकते, आणि चुकली असेल तेव्हा निवेदक पैठणीचेच खोके शिल्लक ठेवतो. म्हणून बदलल्यास शक्यता दोन तृतीयांश.

मात्र निवेदकालाही ठावठिकाणा माहीत नसेल, त्याने अंदाजाने खोके उघडले आणि ते योगायोगाने रिकामे निघाले, तर शक्यता खरोखर निम्मी-निम्मी होते. समोरचे दृश्य तेच, तरी उत्तर वेगळे; कारण पैठणीच बाहेर निघाली असती असे डाव आता मोजणीतून गळाले आहेत, आणि ते सगळे पहिली निवड चुकलेलेच होते. कोडे सांगणारे नेमकी हीच अट बहुधा गाळतात, आणि मग भांडण मिटत नाही.

पटत नसेल त्याने एक एक्का आणि दोन साधी पाने घेऊन कोणाला तरी निवेदक करावे. 30 डावांत दरवेळी बदलणारा साधारण 20 डाव जिंकतो, हट्टाने पहिल्या पानाला चिकटणारा साधारण 10.